शेलॅक, सिलिकॉन आणि वडिलांची बोटं

इंजिन बांधताना जोडात काय लावायचं, हे मला अजून विचारलं जातं. जुन्या मोटरसायकलींची हौस असलेली आजकालची मुलं फोन करतात, "अंकल, शेलॅक की सिलिकॉन?" मी त्यांना खरं तेच सांगतो. जोडाचा फेस, म्हणजे एकमेकांवर बसणारा सपाट भाग, सरळ असेल तर शेलॅक लावा, पातळ, बोटानं. फेस खराब असेल तर आधी तो नीट करा. सिलिकॉन लावायचंच असेल तर दोऱ्याएवढी रेघ पुरे, कारण जास्तीचं बाहेर आलं तर दिसतं, आत गेलेलं दिसत नाही. एवढं सांगून मी फोन ठेवतो. ते शेवटचं वाक्य मी कुठं शिकलो ते सांगत नाही. एका माणसाखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. आता पन्नाशी उलटून गेली, आणि ज्यांच्यापासून लपवायचं ती माणसंही राहिली नाहीत, म्हणून लिहितोय.

आमचं गॅरेज अंबरपेठेत. आजोबांची शेती जुन्या निजामी मुलखातल्या मराठी गावात होती. वडील तिथून शहरात आले, दुसऱ्याच्या हाताखाली काम शिकले आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. घरात मराठी, दुकानात दखनी आणि तेलुगू, असा आमचा कारभार. मी डिप्लोमा करून त्यांच्याबरोबर उभा राहायला लागलो तेव्हा बाहेरच्या कंपन्यांना देशाचा बाजार नुकताच उघडला होता. रस्त्यावर नव्या हलक्या गाड्या दिसायला लागल्या होत्या. आमच्याकडे मात्र यायच्या त्या जुन्या, जड, एकाच मोठ्या सिलिंडरच्या गाड्या. त्यांना सगळे "बडी गाडी" म्हणायचे. वडील त्या बड्या गाड्यांचे डॉक्टर.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे शिंपल्यासारखी दोन अर्धी कवचं. आत ऑइल खेळतं. ती दोन अर्धी एकमेकांवर बसवून बोल्ट आवळायचे, आणि मधल्या फटीतून ऑइल बाहेर येऊ नये म्हणून जोडावर काहीतरी लावायचं. वडील शेलॅक लावायचे. लाखेचा तांबूस, चिकट रस, स्पिरिटच्या वासाचा. बाटलीच्या झाकणाला आतून ब्रश असायचा. नवी बाटली आणली की वडील पहिल्यांदा तो ब्रश कापून टाकायचे. "ब्रशला काय कळतंय?" असं म्हणायचे. करंगळीशेजारचं बोट बाटलीत बुडवून ते जोडावरून फिरवायचे, आणि फिरवताना जोडाकडे बघायचेसुद्धा नाहीत. रस्त्याकडे बघायचे. लावण्याआधी तसंच कोरडं बोट धातूवरून फिरवायचे. कुठं केसाएवढा ओरखडा असला तरी बोट तिथं थांबायचं आणि ते म्हणायचे, "हितं बघ." मी वाकून बघायचो. कधी दिसायचा, कधी भिंगाखालीच दिसायचा.

काम झालं की आमच्याकडे एक रीत होती. संध्याकाळी गाडी चालवून, गरम करून आणायची, स्टँडवर लावायची, इंजिनाखाली एक वर्तमानपत्र पसरायचं आणि शटर ओढायचं. सकाळी कागद कोरा असला तर गाडी द्यायची. डाग दिसला तर नाही. मग गिऱ्हाईक कितीही म्हणो, असू दे, एवढा थेंब चालतो, इंजिन पुन्हा खोलायचं. "डाग पडला म्हणजे आत काहीतरी झालंय," वडील म्हणायचे. "कुठनं आला ते बघितल्याशिवाय गाडी हलणार न्हाई."

कागद मराठीच असायचा. आमच्याकडे मराठी वर्तमानपत्र बसनं एक दिवस उशिरा यायचं. वडील दुपारी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे आणि संध्याकाळी त्यातलं अग्रलेखाचं पान काढून गाडीखाली घालायचे. त्या पानावर फोटो नसतात, त्यामुळे डाग लपत नाही, असा त्यांचा हिशेब. सिकंदराबादला रेल्वेत गार्ड असलेले एक मियाँसाहेब आमचं जुनं गिऱ्हाईक होते. ते सकाळी गाडी न्यायला आले की ठरलेलं विचारायचे, "क्या उस्ताद, मेरी गाडी अखबार पढ रई क्या?"

"हौ. मराठी पढ रई."

"पास हुई?"

"पास. लेके जाओ."

"मैं तो दो दफा मेट्रिक फेल, मेरी गाडी पास हो गई, देखो!" आणि स्वतःच मोठ्यानं हसायचे.

त्या गार्डसाहेबांच्याच गाडीखाली पहिल्यांदा डाग पडला. रुपयाएवढा. वडिलांनी इंजिन खोललं, फेस खराब आहे म्हणाले, घासून पुन्हा बांधलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग. गार्डसाहेब एवढंच म्हणाले, "उस्ताद, आजकल नई गाडियाँ आ रईं, एक बूँद नई गिरता बोलते." त्यांनी ते चिडवायला म्हटलं नव्हतं. पण त्या दिवसांत प्रत्येक जणच ते म्हणत होता. गळणारी गाडी आधी जुनी वाटायची, आता मेकॅनिक जुना वाटायला लागला होता.

तिसऱ्या वेळी इंजिन मी खोललं. वडील जेवायला घरी गेले होते. दोन अर्धी वेगळी केली आणि जोडावरचं शेलॅक बघितलं. एका बाजूला दाट थर, पुढे बोटभर काहीच नाही, पुन्हा थर. फेसमध्ये काही खराबी नव्हती. मी बराच वेळ ते हातात धरून उभा राहिलो. बोट कुठं आहे हे ज्याला कळत नाही, त्यानं लावलेलं होतं ते.

मग एकेक आठवायला लागलं. वॉशर हातातून पडायचे आणि पडल्याचं आवाजावरून कळायचं. चहाचा ग्लास कितीही गरम असला तरी ते तो मुठीत धरायचे. आई कौतुकानं सांगायची, "ह्यांना गरम लागतच न्हाई बाई, लोखंडाचे हात आहेत." मी एकदा विचारलंही होतं. वडील म्हणाले, "जन्मभर शेलॅक लावून कातडं जाड झालंय." मला ते पटलं. पटवून घ्यायला सोपं होतं.

तेव्हा मी काय करायला हवं होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ते उघडं इंजिन वडिलांना दाखवायला हवं होतं. तो जोड बघून त्यांना कळलं असतं. कुणी सांगितलेलं ते ऐकत नसत, पण इंजिनात दिसलेलं नाकारणाऱ्यांतले नव्हते. मी ते पुसलं, स्वतःच्या बोटानं शेलॅक लावलं, आणि ते जेवून यायच्या आत बोल्ट आवळून ठेवले. दुसऱ्या दिवशी कागद कोरा. वडील कमरेवर हात ठेवून कागदाकडे बघत उभे राहिले. "बघ," म्हणाले, "फेसच खराब होता."

पण प्रत्येक इंजिन असं दुपारच्या जेवणात खोलून बांधता येत नाही. म्हणून मी दुसरं केलं. दुकान मी आधी उघडायचो. डाग असला तर पान बदलून टाकायचो, मुद्दाम आणून ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीतलं तेच अग्रलेखाचं पान, तेल न लागलेलं. जोड बाहेरून पेट्रोलनं पुसून, सुकवून, फटीवर काहीतरी भरायचो. असं बाहेरून भरलेलं टिकत नाही. गाड्या महिन्यानं परत यायच्या आणि मी वडील नसताना त्या घ्यायचो. हे फार दिवस चालणार नव्हतं. मला अशी वस्तू हवी होती की ती वडिलांनीच लावली तरी जोड गळू नये.

त्यासाठी मी राणीगंजला गेलो. स्पेअर पार्ट्सच्या त्या गल्लीत तोपर्यंत शेलॅकशिवाय फारसं काही मिळायचं नाही. आता दुकानदारानं माझ्यासमोर ट्यूबाच ट्यूबा मांडल्या. एक तांबडी, एक करडी, एक काळी, एक निळी, कधीच न वाळणारी. बहुतेक बाहेर देशातून आलेल्या. कुठली किती उष्णता सोसते, कुठली पेट्रोलला टिकते, तो सांगत होता. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "इसमें से ऐसा कौनसा है, कैसा भी लगाओ, चलता?"

"कैसा भी मतलब?"

"मतलब... कम-ज्यादा हो गया, तो भी."

तो हसला. "अरे, अनाडी के हाथ का होना बोलो ना सीधा! ये लेओ." त्यानं तांबडी ट्यूब पुढं सरकवली. "अंधा लगाया तो भी नई टपकता. कौन है अनाडी? तुम?"

"हौ," मी म्हटलं. "मैं ही."

ती निवड मी अशी केली. इंजिनाला काय चांगलं, हे बघून नाही. कुठल्या वस्तूत वडिलांची बोटं झाकली जातील, हे बघून.

वडिलांनी ट्यूब हातात घेतली, दाबून बघितली, झाकण उघडून वास घेतला. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तिला. त्यांनी तोंड वाकडं केलं.

"हे तर रबर आहे."

"सिलिकॉन म्हणतात."

"काय म्हणायचं ते म्हणा. इंजिन हाय का बाथरूमचा नळ?"

"सगळे हेच लावतात आता, बाबा."

"सगळे म्हणजे कोण?"

मी दोन-तीन गॅरेजं सांगितली. त्यांतलं एक खोटं होतं. वडिलांनी ट्यूब उलटीसुलटी केली. "काय लिहिलंय यावर?"

"लिहिलंय, फेस कसाही असला तरी चालतो."

"मग फेस बघायचाच न्हाई?" ते थांबले. ट्यूब बाकावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "खरं सांग. माझी इंजिनं गळतात का?"

असा सरळ प्रश्न त्यांनी मला त्याआधी कधी विचारला नव्हता. मी मोठा झाल्यापासून चुका त्यांनी काढायच्या आणि मी मान खाली घालायची, हेच आमचं बोलणं. पहिल्यांदाच त्यांना माझ्याकडून काही हवं होतं. मी म्हटलं, "नाही हो. वेळ वाचतो म्हणून म्हटलं."

"वेळ वाचतो," ते म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून सिलिकॉन लावायला लागले.

सिलिकॉननं फट भरते, हे खरं. कागद कोरे राहायला लागले. मला पान बदलायची गरज उरली नाही. पण शेलॅक कमी लागलं तर गळतं, सिलिकॉन जास्त लागलं तर आत जातं. बोल्ट आवळले की जास्तीचं दोन्हीकडून दाबलं जातं. बाहेरचं वडील पुसून टाकायचे, आतलं तसंच राहायचं, दोरीसारखं लोंबत. ते सुटून ऑइलमध्ये पडतं आणि ऑइल जिथून वर ओढलं जातं तिथल्या जाळीत अडकतं. जाळी तुंबली की इंजिनाला ऑइल मिळत नाही, आणि चालती गाडी जागच्या जागी आवळली जाते. रस्त्यावर, मागून लॉरी असताना. मला हे माहीत होतं. म्हणून वडिलांनी बांधलेलं प्रत्येक इंजिन थोडं चाललं की मी काही तरी निमित्त काढून खालचं झाकण खोलायचो, जाळी बाहेर काढायचो आणि चिमट्यानं तांबडे तुकडे वेचायचो. बारीक शेवेसारखे दिसायचे ते. कधी चिमूटभर, कधी मूठभर. ते कागदात गुंडाळून मी कचऱ्यात टाकायचो.

कुणाची गाडी आवळली नाही. कुणाला इजा झाली नाही. इतके दिवस मी स्वतःला हेच सांगत आलो, की माझ्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही.

वडील त्या काळात खूश होते. त्यांना वाटलं, ते नव्या जमान्याबरोबर आले. गार्डसाहेबांना ट्यूब दाखवून म्हणाले, "ये देखो, फॉरिन का." गार्डसाहेब म्हणाले, "उस्ताद, अब तुम भी फॉरिन हो गए, हमारे हाथ से गए!" रात्री जेवताना वडील आईला सांगायचे, "हात अजून आहे बरं का. एक थेंब न्हाई." आई म्हणायची, "बरं बरं, भात घ्या." मी खाली बघून जेवायचो.

आणि एक गोष्ट. हे लिहायलाच बसलोय तर हेही लिहितो. मला ते आवडायला लागलं होतं. त्यांना वाटत होतं इंजिनं ते बांधतात. मला माहीत होतं ती मी सांभाळतो. लहानपणापासून ज्यांच्यासमोर माझा एक बोल्ट कधी नीट आवळला गेला नाही, त्यांचं सगळं काम आता माझ्या चिमट्यावर चाललं होतं. मी त्यांचं मन जपत होतो, असं मी म्हणायचो. थोडं जपत होतोही. पण त्यात दुसरं काहीतरी होतं आणि ते गोड लागत होतं.

मग पायाचं झालं.

एका सकाळी आई फरशी पुसताना ओरडली, "किती वेळा सांगितलं, गॅरेजचे पाय घरात आणत जाऊ नका! सगळीकडं डाग केलेत." दारापासून बाथरूमपर्यंत एकेक ठिपका होता. वडील खाटेवर बसून पेपर चाळत होते. "मी धुऊन आलोय," म्हणाले. आईनं ठिपक्यावर पोतेरं फिरवलं, पोतेऱ्याकडे बघितलं, त्यावर तांबडं उतरलं होतं. मग तिनं जवळ जाऊन त्यांचा पाय उचलला. टाचेच्या पुढं, तळव्यात, लोखंडाची एक कपची रुतलेली होती. चपलेतून आरपार आलेली. आदल्या दिवशीची असणार. ते त्यावर दिवसभर चालले होते.

"दुखत न्हाई," ते म्हणाले. आणि खरंच दुखत नव्हतं.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं साखर तपासायला पाठवलं आणि आकडा बघून आम्हा दोघांकडे असं बघितलं, जणू आम्ही काहीतरी लपवलंय. कधीपासून आहे, विचारलं. आम्हाला माहीतच नव्हतं. मग तिनं विचारलं, हातांना मुंग्या येतात का, बोटं बधिर वाटतात का.

"हातां अच्छे हैं," वडील म्हणाले. "इसकू पूछो. रोज मेरा काम देखता."

डॉक्टरीण माझ्याकडे वळली. वडीलही वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. माझ्या उत्तराची त्यांना खात्री होती.

"अच्छे हैं," मी म्हटलं.

तिनं लिहून घेतलं. नंतर, जखम काळी पडायला लागल्यावर, तिनंच मला बाहेर बोलावून समजावलं. साखरेनं नसा मरतात त्या आधी पायाच्या. हातापर्यंत यायला वेळ लागतो. ज्यांचे हात बधिर झालेत त्यांचे पाय केव्हाच गेलेले असतात. "लेकिन इनके हाथ तो ठीक हैं," ती म्हणाली. तिला ते कोडं वाटत होतं. मी तिथं जिन्यापाशी उभा होतो. त्या दिवशी खरं बोलून पाय वाचणार नव्हता. वाचायचा असता तर तो त्या दुपारी वाचला असता, जेव्हा मी दोन अर्धी हातात धरून उभा होतो आणि शेलॅक पुसून टाकलं.

पाय गुडघ्याखालून काढला.

घरी आल्यावर काही दिवसांनी, दुपारी, आई शेजारी गेलेली असताना मी त्यांना सांगितलं. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. मी सगळं सांगितलं, पानं बदललेली, राणीगंज, जाळ्या, तांबडे तुकडे. बोलताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो.

"गार्डसाहेबांची गाडी?" मग त्यांनी विचारलं.

"तीपण."

"सगळी?"

"सगळी."

त्यांनी डोळे मिटले आणि उजवा हात माझ्यापुढं उताणा धरला. "ठेव काहीतरी."

माझ्या खिशात एक वॉशर होता. तो मी त्यांच्या बोटांच्या पेरांवर ठेवला. खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. ते वाट बघत होते.

"ठेव की," ते म्हणाले.

"ठेवलाय, बाबा."

त्यांनी डोळे उघडले. वॉशरकडे बघितलं. बोटं मिटायचा प्रयत्न केला, तो घरंगळून चादरीवर पडला.

मला वाटलं होतं, ते पायाबद्दल बोलतील. मी त्यासाठी तयार होतो. ते म्हणाले, "म्हंजे ते काम माझं नव्हतंच." मी म्हटलं, "बाबा, पाय..." "पायाचं सोड," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मला दाखवायचं होतंस. मी शिव्या घातल्या असत्या. पण बघितलं असतं." आणि मग, आईची पावलं जिन्यावर वाजली तेव्हा, हळू आवाजात, "तिला सांगू नकोस. तिला तू एकुलता एक मुलगा आहेस."

त्यानंतर त्यांनी इंजिनाला हात लावला नाही. कुबड्या घेऊन दुकानात यायचे, गल्ल्यावर बसायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे. हात आता थकले म्हणायचे. घरी आई त्यांना रोज ऐकवायची. ती वाईट नव्हती. तिला त्यांचा पाय दिसायचा आणि राग यायचा. "कधी कुणाचं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती. पायात लोखंड घुसलं तरी पेपर वाचत बसले! अंगात काय चाललंय ते कळू नये माणसाला?" येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, हट्टीपणानं पाय घालवला. वडील ऐकून घ्यायचे. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मी त्याच खोलीत बसलेला असायचो. ते गेले तेव्हाही ती रडताना तेच म्हणत होती, "कुणाचं ऐकलं न्हाई हो ह्यांनी." पुढं तीही गेली, तेच समजून.

त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं, हे माझं कारण. पण ते गेल्यावर आई पुष्कळ वर्षं होती. तेव्हा मला कुणी अडवलं नव्हतं.

माझी थोरली बहीण नारायणगुड्यात राहते. आता तिलाही साखर आहे. तिची मुलं परगावी नोकरीला. त्यांना ती फोनवर सांगते, "तपासण्या करत जा रे, आजोबांसारखे हट्टी होऊ नका. त्यांनी हट्टानं पाय घालवला." गेल्या दिवाळीत तिनं हे माझ्या मुलालाही सांगितलं, माझ्यासमोर, लाडू वळता वळता. मुलगा म्हणाला, "आजोबा इतने जिद्दी थे?" मी उठून बाहेर गेलो.

हे लिहून झालं ते मी आधी तिला वाचून दाखवलं. तिचे डोळे अधू झालेत, आणि तिनं स्वतः वाचावं असंही मला वाटत नव्हतं. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून ऐकत होती. मध्ये कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बंद केला आणि पुन्हा बसली. वाचून संपल्यावर तिनं विचारलं, "आईला का नाही सांगितलंस?"

"भ्यालो."

"कुणाला?"

"आईलाच."

"तिला तर बाबाही भ्यायचे," ती म्हणाली, आणि क्षणभर हसल्यासारखी झाली. मग तिचा चेहरा बदलला. "तिनं किती बोलून घेतलं रे त्यांना. मीपण बोलले. दवाखान्यात त्यांच्या तोंडावर बोलले होते, तुमच्यामुळे आईला हे भोगावं लागतंय. तू तिथंच होतास."

"हो."

"तिथंच होतास," ती पुन्हा म्हणाली.

बोलण्यासारखं सगळं हातातल्या कागदांत होतं. तिनं उठून कुकरचं झाकण काढायचा प्रयत्न केला. वाफ जिरली नव्हती, निघेना. माझ्याकडे पाठ करूनच ती म्हणाली, "मुलांना आता तू फोन कर. मी नाही करणार. तू कर, आणि त्यांना सांग, आजोबा हट्टी नव्हते."

"त्यांना मराठी एवढं..."

"हिंदीत सांग. इंग्रजीत सांग. मला काय विचारतोस? पण आजच सांग. आणि इथं बसून सांग, मला ऐकू येईल असं."

मी खिशातून फोन काढला. थोरल्या भाच्याचा नंबर लावला. तो कामावर असणार, उचलणार नाही, असं मला वाटलं; वाटलं काय, तशी आशा होती. त्यानं दुसऱ्याच रिंगला उचलला.

"हां मामा, बोलो," तो म्हणाला.

बहीण स्टुलावर येऊन बसली. मी बोलायला सुरुवात केली.